नव्या वर्षात शाळेत येणाऱ्यांचं स्वागत : माझा अनुभव

शाळा सुरू व्हायच्या महिनाभर आधी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. "यंदा नवी मुलं, त्यांचे पालक आणि नवे शिक्षक, सगळ्यांच्या स्वागताचं तुम्ही बघा," म्हणाल्या. तोवर आमच्याकडे स्वागत ठरलेलं असायचं. पटांगणात माईक, फुगे आणि तासभर भाषणं. पहिलीची मुलं चुळबुळ करायची, मागे उभ्या पालकांना काही ऐकू यायचं नाही. कार्यक्रम संपला की सगळे ऑफिसच्या खिडकीशी गर्दी करून तेच चार प्रश्न विचारायचे : वर्ग कुठला, बाई कोण, शाळा सुटते किती वाजता आणि मुलाला घ्यायचं कुठून. मी बाईंना म्हटलं, या चार प्रश्नांची उत्तरं आधी लोकांच्या हातात पडू देत, भाषणाचं नंतर बघू. आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक नाव ठाऊक हवं, अडलं की ज्याच्याकडे जायचं ते. त्यांनी होकार दिला आणि मी कामाला लागले.

सुरुवात प्रवेशाच्या रजिस्टरपासून केली. नवी मुलं म्हटलं की आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिलीचा वर्ग येतो. रजिस्टर उघडल्यावर दिसलं, तिसरीत, पाचवीत, सातवीतही बरीच नवी नावं होती. पहिलीत सगळेच नवे, त्यामुळे तिथे कुणीच वेगळं पडत नाही. पाचवीत मात्र चाळीस जण एकमेकांना बालवाडीपासून ओळखत असतात आणि त्यात एक मूल एकटं येऊन बसतं. त्याच्या स्वागताची तयारी कुणीच करत नाही. म्हणून मधल्या इयत्तांत येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी त्याच वर्गातले दोन सोबती ठरवले. दोन एवढ्यासाठी, की पहिल्याच दिवशी एक जण आजारी पडला तरी दुसरा असेल. निवडताना वर्गशिक्षकांना सांगितलं, पहिला नंबर काढणारा नको, ज्याला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तरी कंटाळा येत नाही असा द्या. प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतंच, आणि शिक्षकांना ते बरोबर माहीत असतं.

मग फोन. वर्गशिक्षकांनी आपापल्या यादीतल्या प्रत्येक घरी फोन करायचा, असं ठरलं. घरी मुलाला काय म्हणतात, नावाचा उच्चार कसा, घरात कोणती भाषा बोलतात, न्यायला कोण येणार, काही औषध चालू आहे का, मूल कशाला घाबरतं. "फॉर्ममध्ये हे सगळं आहेच की," असं एक सर म्हणाले. त्यांनीच तिसऱ्या-चौथ्या फोननंतर मला येऊन सांगितलं, की एका मुलाच्या आजीने सांगितलं ते कुठल्याच फॉर्ममध्ये बसणारं नव्हतं. नातवाला पट्ट्याचं बक्कल काढता येत नाही, त्यामुळे आधीच्या बालवाडीत तो लघवी दाबून बसायचा आणि घरी आल्या आल्या धावायचा. शाळा नको म्हणून रडायचा त्याचं कारण हे होतं, आणि घरच्यांना ते बऱ्याच उशिरा कळलं होतं. आम्ही त्यावर दोन गोष्टी केल्या. पहिलीच्या सगळ्या पालकांना कळवलं की सुरुवातीचे काही आठवडे इलॅस्टिकची चड्डी किंवा पँट चालेल, पट्ट्याची सक्ती नाही. आणि पहिलीच्या मजल्यावरच्या मावशींना त्या मुलांची नावं सांगून ठेवली.

औषधांच्या प्रश्नातून दमा असलेली मुलं कळली. लहान मुलांत दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांमध्ये दमा जगभर सगळ्यात जास्त आढळतो, तेव्हा कुठल्याही शाळेच्या यादीत अशी नावं निघणारच. आमच्याकडे इन्हेलर ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात ठेवायची पद्धत होती. ती आम्ही बदलली. डॉक्टरांच्या सूचनेची चिठ्ठी जोडून इन्हेलर वर्गातच, शिक्षकांच्या हाताशी ठेवला. खेळाच्या तासाला तो मैदानावर न्यायचा हेही खेळाच्या सरांना सांगितलं. धाप लागलेल्या मुलाला किल्ली सापडेपर्यंत थांबायला लावणं मला कुठल्याच नियमात बसताना दिसत नाही.

पालकांना जाणारं पत्र मी नव्याने लिहिलं. जुन्या पत्रात "पालकांनी नोंद घ्यावी" अशी सुरुवात असलेली वाक्यं एकाखाली एक होती, आणि शाळा सुटण्याची वेळ पानाच्या पार तळाशी. नव्या पत्रात आधी त्या चार प्रश्नांची उत्तरं, मग शाळेचा हाताने काढलेला साधा नकाशा आणि खाली एकाच व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर. अर्ध्या पानात सगळं बसलं. तोच मजकूर माझ्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवला, कारण सगळ्याच घरांत वाचणारं माणूस असतंच असं नाही आणि वाचता येत नाही हे सांगायला लोक संकोचतात. त्या आवाजी निरोपाला जितकी उत्तरं आली तितकी कुठल्याच पत्राला आली नव्हती.

शाळा सुरू होण्याआधी पहिलीच्या मुलांना पालकांसोबत छोट्या छोट्या गटांनी बोलावलं. भाषण नाही, कार्यक्रम नाही. आपला वर्ग बघायचा, बाकावर बसून बघायचं, नळाला हात लावायचा, संडासातला फ्लश स्वतः ओढून बघायचा. शाळेची घंटाही मुद्दाम वाजवली. पहिल्यांदा वाजली तेव्हा बऱ्याच मुलांनी कानांवर हात घेतले. मग शिपाई मामांनी एकेकाला घंटेचा टोल द्यायला दिला, आणि थोड्या वेळाने तिथून कुणी हलायला तयार नव्हतं.

याच भेटीत पालकांशी एक अवघड विषय बोलायचा होता, निरोप घेण्याचा. मूल रडतं म्हणून त्याची नजर चुकवून निघून जायचं, ही सवय फार जणांना असते, आणि त्यामागे मायाच असते. पण आई न सांगता गायब होऊ शकते हे एकदा कळलं की मूल दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर पाळत ठेवतं आणि पदर सोडत नाही. जर्मनीतल्या पाळणाघरांमध्ये वापरतात ती बर्लिन पद्धत मी वाचली होती. 1980च्या दशकात ती तयार झाली. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर खोलीत बसून राहतात, त्याला सोडून जायचा प्रयत्नही होत नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोड्याच वेळासाठी बाहेर जातात, तेही सांगून. ती पद्धत अगदी तान्ह्या आणि लहान मुलांसाठी आहे, सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेत जशीच्या तशी आणणं शक्य नव्हतं. आम्ही तिच्यातलं दोन गोष्टींपुरतं घेतलं. पहिल्या दिवशी पहिला तास पालकांनी वर्गात मागे बसायचं. आणि निघताना मुलाच्या डोळ्यांत बघून एकच वाक्य सांगायचं, शाळा सुटल्यावर मी कुठे उभी असेन. लांबवायचं नाही, परत फिरून यायचं नाही. आमच्यातल्या जुन्या बाईंना हे पटलं नव्हतं. "एक दिवस रडतील आणि गप्प बसतील," असं त्यांचं म्हणणं. गप्प बसतात हे खरं आहे. पण गप्प बसलेलं मूल रुळलेलं असतं असं मला वाटत नाही, आणि मी ते त्यांना सांगितलंही.

नव्या शिक्षकांकडे शाळा सगळ्यात कमी लक्ष देते, असं माझं स्पष्ट मत आहे. रुजू झाल्याची सही, हातात वेळापत्रक, आणि चला वर्गावर. नवशिक्या शिक्षकांना सुरुवातीला मिळणाऱ्या आधारावर झालेल्या 15 अभ्यासांचा आढावा इंगरसोल आणि स्ट्राँग या दोन अमेरिकी संशोधकांनी 2011 साली घेतला. असा आधार मिळालेले शिक्षक नोकरीत टिकतात आणि शिकवतातही अधिक चांगलं, असंच त्यातल्या बहुतेक अभ्यासांत दिसलं. मी मुख्याध्यापिका बाईंना हे सांगून एक मागणी केली. प्रत्येक नव्या शिक्षकाला त्याच इयत्तेचा एक जुना सहकारी जोडून द्यायचा आणि दोघांना आठवड्यातून एक मोकळी तासिका एकाच वेळी द्यायची. पहिली गोष्ट लगेच मान्य झाली. दुसरीसाठी वेळापत्रक करणाऱ्या सरांशी बराच वाद घालावा लागला, कारण एक तासिका हलवली की पाच हलतात. पण एकत्र मोकळा वेळ नसेल तर जोडी कागदावरच राहते. जुना सहकारी वर्गावर आणि नवा स्टाफरूममध्ये, मग विचारणार कुणाला?

नव्या माणसांसाठी एक सकाळ राखून ठेवली होती, तिला मी नव्या रखवालदार काकांना आणि नव्या मावशींनाही बोलावलं. काहींना ते विचित्र वाटलं. मला वाटतं, पालकांना फाटकात सगळ्यात आधी भेटतात ते रखवालदार काकाच, त्यांना शाळा माहीत नसेल तर बाकी स्वागताला अर्थ उरत नाही. हजेरीपट कसा भरायचा, रजेचा अर्ज कुणाकडे, झेरॉक्स कुठे, मुलाला लागलं तर पहिला फोन कुणाला, आईवडील वेगळे राहत असतील तर मुलाला कुणाच्या ताब्यात द्यायचं, असं सगळं बोलून झालं. शेवटी काकांनी विचारलं, "पालक उशिरा आले तर पोराला बसवायचं कुठं?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं शाळा चालू आहे, पण हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते तिथेच ठरवलं. ऑफिससमोरचा बाक, पंधरा मिनिटांनी घरी फोन, आणि त्या दिवशी ज्यांची जबाबदारी असेल त्या शिक्षकांनी शेवटचं मूल जाईपर्यंत थांबायचं.

पहिल्या दिवशी व्यासपीठ नव्हतं. प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गाच्या दारात उभे होते. मुलाला नावाने हाक मारायची, आत गेल्यावर काय करायचं ते एका वाक्यात सांगायचं, एवढंच काम. अमेरिकेतल्या माध्यमिक वयाच्या मुलांच्या 10 वर्गांत असा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. दारात असं स्वागत सुरू केल्यावर मुलांचं अभ्यासात गुंतलेलं राहणं 20 टक्क्यांच्या अंतराने वाढलं आणि वर्गातला व्यत्यय 9 टक्क्यांच्या अंतराने घटला. आम्ही काही मोजमाप केलं नाही. पण फोनवर उच्चार विचारून घेतले होते त्याचा उपयोग इथे झाला. सातवीतल्या नव्या मुलीचं आडनाव बाईंनी बरोबर उच्चारलं, तेव्हा ती थबकून वळून बघत राहिली, मग हसली.

रडारड झालीच. एका मुलीने फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला होता, आईलाही रडू आवरत नव्हतं. मावशींनी तिची समजूत घातली नाही की ओढलंही नाही. "ही खडूची पेटी बाईंना नेऊन द्यायचीय, धरतेस का जरा?" म्हणाल्या. पेटी धरायला गज सोडावा लागला. वर्गापर्यंत ती रडतच गेली, पण गेली.

सकाळपेक्षा शाळा सुटण्याची वेळ कठीण असते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. इयत्तेनुसार जागा आखल्या, प्रत्येक जागी रंगीत पाटी लावली, पालकांकडचं कार्ड बघून एकेक मूल सोडलं. वेळ लागला. काही पालक वैतागले, त्यांना मी कारण सांगितलं. मुख्याध्यापिका बाई बोलल्या ते आठवड्याअखेरीस, संध्याकाळी, पालकांना नोकरीवरून येता येईल अशा वेळी. तोवर पालकांकडे विचारायला खरे प्रश्न होते, त्यामुळे त्या दहा मिनिटं बोलल्या आणि तासभर ऐकत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सगळीकडे फोन केले. पहिला आठवडा हसत येणारी काही मुलं दुसऱ्या आठवड्यात पोट दुखतं म्हणू लागतात. नवलाई ओसरते आणि रोज यायचंय हे तेव्हा कळतं. पालकांना हे आधी सांगून ठेवलं असतं तर ते घाबरत नाहीत. मधल्या इयत्तांतल्या नव्या मुलांना मी स्वतः भेटले आणि एकच विचारलं, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस? सातवीतला एक मुलगा म्हणाला, ग्रंथालयात. शिक्षक कौतुकाने सांगायचे, त्याला वाचनाची फार आवड आहे. आवड होतीच, पण तो तिथे जायचा कारण मैदानावर त्याला कुणी हाक मारत नव्हतं. त्याचं अक्षर सुरेख आहे. भित्तिपत्रकाच्या गटात त्याला घेतलं, आणि त्या गटाचं काम मधल्या सुट्टीतच चालतं.

आईवडिलांच्या बदलीमुळे वर्षभरात केव्हाही मुलं येतात, त्यांच्यासाठी पत्र, नकाशा आणि कोरं कार्ड घातलेली पाकिटं आता ऑफिसमध्ये तयार असतात. प्रवेश झाला की क्लार्क वर्गशिक्षकांना कळवतात आणि त्याच दिवशी सोबती ठरतात. वर्षाच्या मध्ये रुजू होणाऱ्या शिक्षकांची सोय मात्र अजून झालेली नाही. त्यांना जोडीदार मिळतो, दोघांची सामायिक मोकळी तासिका काही बसत नाही. सहामाहीनंतर वेळापत्रक नव्याने लागेल, तेव्हा सरांकडे सगळ्यात आधी तीच मागणार आहे.