उन्हाळीची लाल बाटली

हर्णै बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे, २१ वर्षं झाली. आमच्याकडे लघवीला जळजळ व्हायला लागली की कुणी तसं बोलत नाही, ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे. दोष उन्हावर जातो आणि उपाय घरात सापडतो. सब्जा भिजवा, धणे-जिऱ्याचं पाणी घ्या, कोकमाचं सरबत प्या. त्यानं नाही थांबलं तर मेडिकलमधून लाल बाटली. बायका काउंटरवर पुरुष बघून तेवढंही बोलत नाहीत. पोराच्या हाती चिठ्ठी पाठवतात.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून शेवटच्या फेरीला सगळ्या बोटी बाहेर गेलेल्या. दुपारी तीनच्या सुमारास नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आला. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलं होतं, ‘उन्हाळीची लाल बाटली १’. मी बाटली काढली, कागदात गुंडाळली आणि तेव्हा मला आठवलं, हाच मुलगा चार दिवसांपूर्वी आला होता. त्याच्याही आधी एकदा आला होता. आठवड्यात तिसरी बाटली.

“कुणासाठी रे?”

“आईसाठी.”

“काय करते आई?”

“निजलीय. दोन गोधड्या घेतल्यान, तरी थंडी वाजते म्हणते.”

त्या दिवशी दुकानातल्या पंख्याचा वारासुद्धा गरम लागत होता. मी शटर अर्धं ओढलं, थर्मामीटर खिशात टाकला आणि त्याच्यासोबत निघालो. वाटेत शेजारच्या काकींना हाक मारून बरोबर घेतलं, कारण माझ्याशी ती बोलणार नाही हे मला ठाऊक होतं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सातवा महिना. ती पोटुशी आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. तीन चिठ्ठ्या आल्या, पण त्यातल्या एकीवरही ते नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ताप १०३. सकाळपासून दोनदा उलटी. मी काकींना प्रश्न सांगायचो, काकी तिला विचारायच्या, ती काकींना उत्तर द्यायची. पाठीत उजवीकडे, बरगडीच्या खाली ठणकत होतं. “दिवसांमुळे कंबर भरली असेल म्हटलं,” ती म्हणाली. मग काकींनी विचारलं, पोट कडक होतंय का गो? बराच वेळ ती काही बोलली नाही. “मधनं मधनं.”

मी आशाताईंना फोन केला, १०८ला केला. गाडी येईपर्यंत उशाशी एक स्ट्रिप दिसली, त्यातल्या दोन गोळ्या कमी होत्या. शेजारणीच्या घरी उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या. २०१६ साली सरकारने स्ट्रिपवरच्या लाल रेघेची मोहीम काढली, अशी रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. तीच रेघ त्या स्ट्रिपवर होती. गरोदरपणात हे औषध सहसा टाळतात. शिवाय दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते दबतात. स्ट्रिप मी आशाताईंच्या हातात दिली आणि डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं.

दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात तिला सलाईन लावलं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, पोट कडक होणं थांबावं म्हणून औषध दिलं. जंतुसंसर्ग मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेला होता. पुढे मी तिथल्या डॉक्टरबाईंशी फोनवर बोललो. त्यांनी सांगितलं, वाढलेलं गर्भाशय मूत्रवाहिन्यांवर दाब देतं, उजवीकडे जास्त, आणि गरोदरपणातल्या संप्रेरकांनी त्या नळ्या सैलावतात. लघवी तुंबते, जंतूंना वर जायला वाट मिळते. म्हणून पोटुशीच्या साध्या जळजळीचीही तपासणी लगेच करायची. कधी तर जळजळ नसतानाही लघवीत जंतू सापडतात. तिकडे दुर्लक्ष झालं तर दिवस पुरे होण्याआधीच बाळंतपण होऊ शकतं. नोंदणीच्या तपासणीत लघवी मागतात ती याचसाठी.

लाल बाटलीचं काम मला आधीपासून माहीत होतं. ती लघवीतलं आम्ल कमी करते, आग शमते. जंतूंना तिचा काही त्रास होत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्रमार्गाचं नेहमीचं औषध तर आम्ल कमी झालेल्या लघवीत उलट कमी चालतं. हे सगळं डी. फार्मला शिकलो होतो आणि तरी तिला दोन बाटल्या काही न विचारता दिल्या. तिचा त्रास लपायला माझीच मदत झाली. याचं मला आजही वाईट वाटतं.

तिचं पाणी पिणं कसं सुटलं तेही नंतर काकींकडून कळलं. ती कोळंबी सोलायच्या शेडवर जायची, पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत. तिथे बायकांना जायला जागा नाही. म्हणून घरून निघताना पाणी प्यायचं नाही आणि तिथेही प्यायचं नाही. भर मे महिन्यात, सातव्या महिन्यात. लघवी कमी झाली की जंतू धुवून जात नाहीत, आत बसून वाढतात. त्या शेडवर तिच्यासारख्या आणखी किती आहेत, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून चिठ्ठी आली की मी विचारतो. कोणासाठी, किती दिवस, थंडी-ताप आहे का, पाठीत दुखतं का, लघवीतून रक्त जातं का, साखरेचा आजार आहे का, दिवस गेलेत का. उन्हात फिरून पाणी कमी पडलं असेल आणि दिवसभर भरपूर पाणी पिऊन बरं वाटलं तर ठीक. एका दिवसात उतरलं नाही तर डॉक्टर. पुरुषाला किंवा लहान मुलाला जळजळ असेल तर मी एक दिवसही थांबायला सांगत नाही. मूत्रमार्ग बायकांचा जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांचा त्याच्या कितीतरी पट लांब. तरीही जंतू आत पोचले तर मागे दुसरं कारण असू शकतं. म्हाताऱ्या माणसाची धार बारीक झाली असेल तर बहुधा प्रोस्टेट. लघवी अजिबातच उतरत नसेल तर तसेच उठून दवाखान्यात जा म्हणतो. खाज आणि पांढरं जाणं असेल तर तो वेगळा आजार, त्याचं औषध वेगळं. काही गिऱ्हाइकं चिडतात, “बाटली द्यायची तर द्या” म्हणतात. मी रागावत नाही, पण विचारायचं सोडतही नाही.

ती सहा दिवसांनी घरी आली. बाळ ऑगस्टमध्ये झालं, दिवस पुरे भरून.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती स्वतः काउंटरवर आली, बाळ कडेवर. दोन खलाशी बाम घ्यायला उभे होते. ते जायची वाट तिने पाहिली नाही.

“भाऊ, कालपासून लघवीला जळजळतंय. ताप नाय, पाठ दुखत नाय.”

मी औषध काढलं नाही. तपासणीची निर्जंतुक डबी काढून तिच्यापुढे ठेवली.

“सकाळची पहिली,” मी म्हटलं.

“हो, सुरुवातीची सोडून मधली धार,” ती म्हणाली आणि डबी पिशवीत टाकली.