सातवं पुस्तक पुन्हा सुटलं, मग खळ सापडली

जुन्या पेपरबॅक पुस्तकांची सुटी झालेली पानं मी घरीच गोंदाने पुन्हा बांधते. मस्त बांधलं म्हणून मागच्या वेळी ज्या सातव्या पुस्तकाची फुशारकी मारली होती, ते मंगळवारी सुटलं. ६१ ते ८८ पानं हातात, बाकीचं मांडीवर.

पुस्तकं 'स्वीट व्हॅली हाय' या अमेरिकन किशोर-कादंबऱ्यांच्या मालिकेतली, मालिका १९८३पासूनची. कण्याचा गोंद चाळिशीपार, त्यात सोलापूरचे उन्हाळे, पापडासारखा मोडतो. म्हणून डबल फॅन: सुटी पानं पंख्यासारखी एका बाजूला कलती करून कडेला गोंद लावायचा, मग उलटवून दुसऱ्या बाजूनेही तसंच. पण एका बाजूचा पंखा होईपर्यंत पांढऱ्या गोंदावर साय धरते, उलटवला की ती फाटते आणि मधली पानं कोरडीच राहतात. गोंदात पाणी वाढवलं तर कागद लाटा मारतो. कणा घासायचा सल्लाही ऐकून पाहिला. पाचव्या पुस्तकाचा दीड मिलिमीटर घासला आणि आतला समासच गेला. नायिका जेसिकाची अर्धी वाक्यं आता कण्यात गडप. चौपट किमतीचा 'आर्काइव्हल' (जुने कागद जपण्यासाठीचा) गोंदही मागवून झाला. तोही तितक्याच लवकर वाळतो.

मामा आयुष्यभर मागावर. मी चिडचिड करत बसलेली बघून म्हणाले, "अगं, नुसता गोंद कशाला? खळ घाल की त्यात. मागावरच्या उभ्या धाग्यांना, ताण्याला, पाजणी करतात, तसली."

मैद्याची खळ शिजवून, फडक्यातून गाळून, दोन भाग गोंदाला एक भाग. पहाटे साडेपाचला, छताचा पंखा बंद. गोंद पाच मिनिटं ओला राहिला! दोन्ही बाजू निवांत झाल्या. कण्यावर मलमलची पट्टी, वर पाटा. मामा मोरचूद घाल म्हणत होते, कसर लागत नाही म्हणून. मी नाही घातलं, निळसर डाग नकोत.

दुसऱ्या दिवशी १०२वं पान सपाट उघडलं. सपाट! तिथेच वाचत बसले. आठवीत गच्चीवर, ४३ अंशांत, भूगोलाच्या आड याच मालिकेतला कॅलिफोर्नियाचा किनारा वाचला होता. 'प्रॉम' म्हणजे सहामाहीसारखी काहीतरी परीक्षा असणार, असं वाटायचं. मुली तिच्यासाठी एवढ्या नटतात कशाला, हे कळत नव्हतं. ती शाळेची नाचाची पार्टी असते, हे नंतर कळलं.

आता आठवं घेणार होते, पण हे लिहिताना सुचलं: मामांकडे सुती दोऱ्याची रिळं पडून आहेत. कण्यात तिरप्या खाचा पाडून त्यात दोरा बसवला तर? खाच उथळ ठेवली की समासही वाचेल. आठवं थांबू दे. आधी रद्दीतल्या भूगोलावर करवत चालवते.