2.0 या आकड्यावर कितपत विसंबायचे?

आमच्या कंपनीचे सॉफ्टवेअर ग्राहकांच्या लिनक्स सर्व्हरवर बसते आणि त्याची पॅकेजेस बांधून बाहेर पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. पॅकेजेस बांधणारा बिल्ड सर्व्हर उबुंटू 22.04 या लिनक्सवर नेल्यानंतरच्या पहिल्याच रिलीजला, डेबियन 11 हे दुसरे लिनक्स वापरणाऱ्या एका ग्राहकाने डेब फाइल, म्हणजे या दोन्हींवर चालणारे पॅकेज, खराब असल्याची तक्रार केली. सपोर्टने नेहमीप्रमाणे "पुन्हा डाउनलोड करा" असे कळवून तिकीट बंद करून टाकले होते.

डेब फाइल हे एक 'एआर' आर्काइव्ह, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेले गाठोडे असते. त्यातला पहिला घटक म्हणजे 'डेबियन-बायनरी' ही चिमुकली फाइल, आणि तिच्यात फॉरमॅटच्या आवृत्तीची एकच ओळ असते: 2.0. नियमही स्पष्ट आहे: टिंबापुढचा आकडा वाढला तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने चालवून घ्यावे, टिंबाआधीचा बदलला तर थांबावे. मी आमची फाइल उघडली तेव्हा 2.0 जागच्या जागी होते, मात्र त्यामागचे कंट्रोल (पॅकेजची माहिती) आणि डेटा (प्रत्यक्ष फाइली) हे दोन्ही घटक झेड-स्टँडर्ड या नव्या कॉम्प्रेशन पद्धतीने कॉम्प्रेस झालेले होते. उबुंटूने 21.10 पासून हीच पद्धत डिफॉल्ट केली. डेबियनच्या डीपीकेजीला, म्हणजे डेब फाइल बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, ती कळू लागली 1.21.18 या आवृत्तीपासून, म्हणजे डेबियन 11 च्या डीपीकेजीला ती ठाऊकच नाही. आकडा तोच राहिला आणि फाइल मात्र वाचता येईनाशी झाली. आमची रिलीजपूर्व तपासणी तर फक्त ती 2.0 ची ओळ वाचून हिरवा दिवा दाखवत होती.

एक्सझेड या जुन्या पद्धतीने कॉम्प्रेस करण्याचा पर्याय देऊन नवी फाइल लगेच पाठवली. खरा वाद त्यानंतर झाला, कारण आमच्या स्वतःच्या प्लगइन पॅकेजच्या नव्या फॉरमॅटचा मसुदा त्याच आठवड्यात चर्चेला होता. आमच्या आर्किटेक्टांना मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलीत, फॉरमॅटचा एकच आकडा हवा होता. त्यांनी विचारले, "डेबियनवाल्यांनी 3.0 केले असते तरी जुना डीपीकेजी थांबलाच असता ना? मग फरक काय पडला?" प्रश्न बिनतोड होता, हे मान्य करावे लागते. माझे उत्तर इतकेच, की थांबण्याचे कारण ग्राहकाला कळले असते आणि आकड्यावर विसंबणारी आमच्यासारखी तपासणीही वेळीच अडली असती. पण एका कॉम्प्रेशनसाठी मोठा आकडा वाढवायला कोणी धजत नाही, हेही तितकेच खरे.

आरपीएम या लिनक्सवरच्याच दुसऱ्या पॅकेज पद्धतीने यातून काढलेली वाट मला अधिक प्रामाणिक वाटते. त्याच्या चौथ्या आवृत्तीच्या फाइलीतही सुरुवातीच्या 96 बाइटांत 3.0 असेच लिहिलेले असते. त्या आकड्याला काडीचा अर्थ उरलेला नाही. मात्र झेड-स्टँडर्ड वापरले असेल, तर तशी गरज पॅकेजच्या अवलंबनांतच (ते बसवायला आधी काय लागते त्या यादीत) नोंदवलेली असते आणि जुने आरपीएम नेमके काय कमी पडते ते नाव घेऊन सांगते. पायथन भाषेच्या व्हील या पॅकेज फॉरमॅटमध्ये मोठ्या आणि छोट्या आकड्यांचा नियम आहे, पण आकड्याची ओळ झिपच्या पोटात असल्यामुळे फाइल हाती आल्याशिवाय पिप या बसवणाऱ्या प्रोग्रॅमला ती वाचता येत नाही.

म्हणून आमच्या प्लगइन फॉरमॅटसाठी मी आकड्यासोबत, पॅकेजमध्ये वापरलेल्या वैशिष्ट्यांची यादी सुचवली आहे. ती बिल्डच्या साधनानेच भरावी, कारण माणसाने हाताने भरायच्या रकान्यात आमच्याकडे मागच्या रिलीजचीच नक्कल सापडते. अनोळखी वैशिष्ट्य दिसताच इन्स्टॉलरने थांबावे, असेही मी मसुद्यात लिहिले आहे, पण "मग उद्या निव्वळ वर्णनाचा रकाना वाढला तरी थांबायचे का?" या आर्किटेक्टांच्या शेऱ्याला अजून माझ्याकडून उत्तर गेलेले नाही.