आईच्या हनुवटीवरचं गोंदण आणि दोन कॅमेरे

नोव्हेंबरअखेर आईला पंचाहत्तर पूर्ण होणार होती. भावाने हॉल बघायचा, वहिनीने जेवणाचं ठरवायचं आणि मी फ्रेमसाठी तिचा एक बरा फोटो काढून द्यायचा, अशी वाटणी झाली. सगळ्यात सोपं काम माझ्या वाट्याला आलं म्हणून मी खूश होते. फोनमध्ये आईचे शेकड्याने फोटो आहेत, एक निवडायचा आणि छापायला टाकायचा!

निवडला. डोंबिवली स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेले, १२ बाय १८ची प्रिंट सांगितली. तिथल्या मुलाने फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि विचारलं, "मॅडम, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा आहे ना?" होता. भाच्याने पाठवलेला. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने फोटो पाठवताना त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं. ते १८ इंचांवर ताणले की इंचाला ९० पिक्सेलसुद्धा येत नाहीत. मुलगा म्हणाला, दोनशेच्या वर असले तर बरं, तीनशे असले तर उत्तम. "ओरिजिनल आणा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा." हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर घरातल्या निम्म्या आठवणी धड राहिल्या असत्या. असो.

मग माझ्याच फोनमधला, गौरीजेवणाच्या संध्याकाळचा एक ओरिजिनल काढला. ४०९६ बाय ३०७२, म्हणजे छापायला भरपूर. आई समईसमोर बसलेली, नथ घातलेली, चेहऱ्यावर हसू. घरी येऊन तिला दाखवला. तिने चश्मा वर करून, खाली करून बघितला.

"छान आहे गं. पण ही कोण बाई?"

"म्हणजे?"

"माझं गोंदण कुठाय?"

आईच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके आहेत. लहानपणी गावच्या जत्रेत आजीने गोंदवून घेतलेले. फोटोत ते नव्हतेच. हनुवटी लोण्यासारखी गुळगुळीत, कपाळावरच्या आठ्या गायब, वय साठीच्या अलीकडे. माझ्या फोनमध्ये चेहरा 'सुंदर' करायचं एक बटण मुळातच चालू होतं आणि तीन वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता. फोनच्या हिशेबी ते ठिपके म्हणजे डाग. त्याने पुसून टाकले.

बटण बंद करून त्याच रात्री पुन्हा फोटो काढले. ठिपके आले, पण पाण्यात भिजलेल्या शाईसारखे. उजेड कमी असला की फोन भराभर बरेच फोटो घेतो, एकावर एक बसवतो आणि अंधारामुळे फोटोत उरलेले खरखरीत दाणे पुसतो. त्या पुसण्यात बारीकसारीक गोष्टीही जातात. शिवाय समईचा फोटो बघितलात तर ट्यूबलाइट लावल्यासारखा दिसतो. आमच्या देवघराच्या कोपऱ्यात त्या दिवशी खरं तर चांगला अंधार होता.

म्हणून कपाटावरची बॅग काढली. आत निकॉन डी५३०० कॅमेरा, २०१४ साली आम्ही दोघांनी बोनस एकत्र करून घेतलेला. लेक झाली तेव्हा त्याच्यावर हजारो फोटो काढले, मग फोन चांगले होत गेले आणि ही दीड किलोची बॅग आधी गाडीतून घरात, मग कपाटात, मग कपाटावर गेली. शेवटचा फोटो २०१९चा निघाला. लेन्सवर टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी.

मुंबई-ठाण्याकडे कॅमेरा वापरणाऱ्यांना हा रोग नवा नाही. हवेतला ओलावा बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिला, वर अंधार आणि कोंदट जागा असली की बुरशीचं फावतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ८०-८५ टक्के रोजचेच. मी तर कॅमेरा फोमच्या बॅगेत बंद करून ठेवलेला. फोम ओल धरून ठेवतो. म्हणजे बुरशीला मी गादी घालून दिली होती.

शनिवारी लोकलने सीएसएमटीला उतरून बोरा बझारात गेले. दुरुस्तीवाल्या काकांनी लेन्स उजेडाकडे धरली, दोन सेकंद बघितलं आणि बाजूला ठेवली. बुरशी काचेवर आम्ल सोडते, त्याने वरचा थर खाल्ला गेला की पुसूनही डाग राहतो, असं त्यांनी समजावलं. "ताई, ही १८-५५ उघडून साफ करायच्या पैशात दुसरी येईल. बॉडी ठणठणीत आहे. मी सांगू का? एक जुनी ३५ घ्या." त्यांनी आधी कुणीतरी वापरलेली ३५ मिमी, एफ/१.८ची, म्हणजे तोंड मोठं उघडणारी लेन्स काढून दिली. मी शहाणपणा करून तिच्यातही टॉर्च मारून बघितला, तर काका हसले. दुकानात गर्दी अशी नव्हतीच. काउंटरवर निम्म्या वस्तू फोनचे ट्रायपॉड आणि रिंगलाइट होत्या. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभर १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते, २०२३ साली सुमारे ७७ लाख. ते १२ कोटी बहुतेक खिशातले छोटे कॅमेरे होते. फोनने आधी त्यांनाच खाल्लं.

आता खरी गंमत. नवी लेन्स लावून पहिल्या आठवड्यात मी काढलेले फोटो फोनपेक्षा वाईट होते. स्पष्ट सांगते, कारण "खरा कॅमेरा तो खराच" म्हणणारे हे कधी सांगत नाहीत. एफ/१.८ वर जवळून फोटो काढला की स्पष्ट दिसणारी पट्टी बोटभरही नसते. आईच्या चश्म्याची काडी लख्ख, डोळे धूसर. खिडकीसमोर बसवली तर एकतर चेहरा काळा, नाहीतर खिडकी पांढरीफटक. फोन हेच खिडकीचं प्रकरण चुटकीसरशी सोडवतो, कारण तो कमी-जास्त उजेडाचे तुकडे जोडून एक फोटो करतो. ट्यूबलाइटखाली सगळे काविळीचे पेशंट दिसत होते. नवरा म्हणाला, "फोन परवडला."

रोजच्या वापरात परवडतोच. त्या महिन्यात मी मुद्दाम दोन्ही वापरले. कढईतून चकली निघतानाचा फोटो फोनने आला, कारण दुसऱ्या हाताला पीठ होतं. लेक आणि शेजारची मांजर एकमेकींकडे बघून दचकल्या, तेही फोनवर. कॅमेरा-अ‍ॅप उघडं असताना फोन आधीपासूनच फोटो साठवत असतो, बटण दाबायला जरा उशीर झाला तरी मागचा क्षण त्याच्याकडे असतो. डी५३००ला मागचं काही माहीत नसतं. तुम्ही दाबाल तेव्हा.

पण त्याच्याकडे जागा आहे. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, माझ्या फोनचा साधारण ८ बाय ६. सातपटीच्या पुढे. तेवढ्या अंगणात जास्त उजेड पडतो, म्हणून कमी प्रकाशातही त्याला इतकं पुसावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे कुणाची हनुवटी कशी असावी याबद्दल त्याचं काही मत नाही.

आईचा फोटो शेवटी निघाला तो एका रविवारी सकाळी साडेआठला. गॅलरीच्या दारात स्टूल टाकलं, उजेड बाजूने येईल असं बसवलं. लेन्सचं तोंड थोडं लहान करून एफ/२.८, शटरचा वेग १/१२५ सेकंद, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ४००. फोकसचा एकच ठिपका निवडून तो डाव्या डोळ्यावर ठेवला, चष्मा काढायला लावला. ३५ने अगदी जवळ गेलं की नाक मोठं दिसतं, म्हणून दोन पावलं मागे सरकले. पहिले वीसेक फोटो पासपोर्टचे आले, आई ताठ. फोन समोर असला की ती अशी होत नाही, फोन तिला दिसतही नाही आताशा. काळं डबडं डोळ्याला लावलं की तिला लग्नातला फोटोग्राफर आठवतो. मग मी कॅमेरा खाली ठेवून मेथीची जुडी तिच्या पुढ्यात दिली. ती निवडायला लागली आणि भाजीवाल्याने आत चिखल कसा भरलाय ते सांगायला लागली. मान वर करून "तूच बघ" म्हणाली, तो फोटो.

स्टुडिओतल्या मुलाने तो मोठा केला, ६००० बाय ४०००. तीन ठिपके. मधला जरासा फाटलेला, तो फाटलाय हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तीनास दोनचा आकार १२ बाय १८मध्ये न कापता बसला.

या यशाने चढून मी डिसेंबरात लेकीच्या स्नेहसंमेलनाला कॅमेरा घेऊन गेले आणि आपटले. नाचणारे हात गोठवायला शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवला तर निम्म्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. १/१०० वर आणलं तर पट्टे गेले, हात पुसट झाले. शेजारच्या आयांच्या फोनवरही हात पुसटच होते, तेवढंच समाधान. तिसऱ्या गाण्याला नाच संपता संपता मुली एका मुद्रेत थांबतात हे लक्षात आलं, तेव्हाचे दोन बरे आले. नवा, लाखाच्या वरचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा का, हा विचार त्या रात्री पुन्हा आला होता. जानेवारीचं होम लोनचं स्टेटमेंट बघून गेला.

काकांनी बजावल्याप्रमाणे कॅमेरा आता बॅगेत नसतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा दाखवणारं छोटं यंत्र टाकून ठेवलाय. काटा ४० ते ५०मध्ये असला की बरं. पुड्यांतले निळे दाणे गुलाबी झाले की मी ते तव्यावर मंद आचेवर परतते, निळे झाले की परत आत. आईचं म्हणणं, त्यापेक्षा तांदळाच्या पिंपात ठेव. तो डबा तिचा लाडवांचा होता, दिवाळीच्या आधी मी न विचारता उचललेला. संक्रांतीला तीळ भाजताना तिला तो आठवला. आता स्वयंपाकघरातून रोज विचारणा होते, आणि बाजारात त्या मापाचा डबा मिळत नाहीये.