लाल फुल्या

बुधवार, रात्री साडेनऊ

आज डोकं शांत आहे तर लिहून घेते, उद्याचं काही सांगता येत नाही. काल शाळेत पाचव्या तासाला माझं मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, सुरू झालं. आधी सारख्या जांभया, मान आखडलेली, सकाळपासून गोड खावंसं वाटत होतं तेव्हाच ओळखायला हवं होतं, आणि मग फळ्याकडे बघताना ती चमचमणारी नागमोडी रेघ. वीसेक मिनिटं अर्धी अक्षरं दिसतच नाहीत, मग रेघ विरते आणि डावीकडून ठणका. घरी आले ती अंधार करून पडले, शेजारच्यांच्या फोडणीच्या वासानेसुद्धा ढवळत होतं.

आमच्याकडे याला कायम पित्तच म्हणायचे. उलटी झाली की बरं वाटतं ना, मग पित्तच असणार. मग मोरावळा, कोकमाचं पाणी, सुंठ उगाळून कपाळाला लेप, नाकात तुपाचे थेंब, कुणीतरी सांगितलं म्हणून उजाडायच्या आत दूध-जिलबी, ती एकवीस दिवस खाल्ली. चष्म्याचा नंबर दोनदा तपासला, सायनसचा एक्सरे काढला. सगळ्यांनी मायेनेच सांगितलं, पण वर्षं गेली त्यात माझी. उलटी हा मायग्रेनचाच भाग असतो आणि अटॅक चालू असताना पोटाचं कामही मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, हे मला मागच्या वर्षी कळलं, चाळिशीत.

ते सांगितलं मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंनी. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, महिन्यातून किती दिवस दुखतं आणि किती दिवस गोळी घेता. मी म्हटलं सात-आठ. त्या म्हणाल्या अंदाज नको, मोजा. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दूध आणि गॅसची तारीख लिहिते तिथेच, दुखलं की लाल फुली आणि पेनकिलर घेतली की निळा ठिपका करायला लागले. महिना संपला तेव्हा १९ फुल्या आणि १७ ठिपके. मी ते पान बघत उभीच राहिले. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं, असं तीन महिन्यांच्या वर चाललं आणि त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनचे असले की तो क्रॉनिक, म्हणजे जुनाट. आणि साध्या पेनकिलरही महिन्यात १५ दिवस किंवा जास्त व्हायला लागल्या की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. पर्समध्ये कायम एक स्ट्रिप असायची माझ्या, तिचा किती आधार वाटायचा.

त्या गोळ्या बंद केल्या तेव्हाचे दोन आठवडे आठवले तरी नको वाटतं.

अटॅक येऊच नये म्हणून घ्यायची रोजची गोळी मिळेपर्यंतही वेळ गेला. लहानपणापासून दमा, त्यामुळे प्रोप्रानोलॉल नाही. टोपिरामेट दिलं तर बोटांना मुंग्या, सोडा विचित्र लागायचा, तेही चाललं असतं, पण सातवीच्या वर्गात 'त्रिज्या' हा शब्दच आठवेना, मुलं माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी खडू हातात धरून उभी. त्या दिवशी घरी येऊन रडले. आता रात्री अमिट्रिप्टिलीन, १० मिलिग्रॅम. तोंड कोरडं पडतं, सकाळी जडपणा असतो, पण अशा औषधाला दोन-तीन महिने तरी द्यावे लागतात हे यावेळी माहीत होतं म्हणून सोडलं नाही. यानेही भागलं नाही तर बोटॉक्स आहे, दर १२ आठवड्यांनी डोकं-मान मिळून ३१ जागी सुया. पण फुल्या १९ वरून १४, मग ११ आणि मागच्या महिन्यात ७. सात! उपवास मात्र सोडले, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिलं की दुसऱ्या दिवशी फुली ठरलेलीच होती.

मघाशी आईला फोन केला. तिचंही असंच असायचं, डोक्याला घट्ट रुमाल बांधून माजघरात पडलेली असायची आणि आम्हाला सांगितलेलं असायचं, आवाज करू नका, आईचं पित्त उठलंय. पाळी गेल्यावर तिचं हळूहळू थांबलं. तिला सांगितलं की हे घराण्यात चालत येतं, तुझं पण मायग्रेनच असणार. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा औषध होतं का गं यावर?"




होतं, असं म्हणवलं नाही मला.