एकच आहे कशावरून?

मे महिन्यात हर्णैला घरी आलेले, रात्री लाईट गेली म्हणून मी आणि आजी पडवीत बसलेलो, समोर समुद्रात बोटींचे दिवे. आजी म्हणाली, "तू तिकडे लॅबमध्ये बघतेस तरी काय गो?" म्हटलं एकेक रेणू. रेणू दिसत नाही, त्याला लावलेल्या डायचा, म्हणजे लेझर पडला की चमकणाऱ्या रंगाचा, उजेड दिसतो.

काम म्हणजे, डाय लावलेलं प्रोटीन कव्हरस्लिपवर, म्हणजे पातळ काचेवर, चिकटवायचं आणि लेझर इतका तिरका मारायचा की काच संपून पाणी सुरू होतं तिथूनच तो परत फिरतो, पलीकडे पाण्यात जेमतेम 100-200 नॅनोमीटर उजेड झिरपतो, मग तेवढ्यातलेच रेणू चमकतात आणि बाकी सगळा काळोख. निम्मा दिवस तर काचा धुण्यातच जातो, कारण काचेवरची घाणसुद्धा चमकते.

आजी म्हणाली, "पण एकच आहे कशावरून? लांबच्या बोटीवर दोन दिवे असले तरी इथून एकच दिसतो."

अगदी बरोबर! अबे या जर्मन शास्त्रज्ञाने 1873 मध्ये हेच सांगितलं, साधारण 200 नॅनोमीटरच्या आत दोन ठिपके असले की ते एकात एक मिसळतात, आणि डायचा रेणू तर नॅनोमीटरभर. मग आम्ही वाट बघतो. लेझरखाली डाय कधीतरी जळतोच, आणि एकटा रेणू हळूहळू मंद होत नाही, ग्राफवर उजेडाची रेष सरळ चाललेली असते आणि एका फ्रेममध्ये धपकन खाली. दोन रेणू असतील तर दोन पायऱ्या. ती एक पायरी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच होते आणि अक्षरशः ओरडले.

एकदा एकच आहे हे कळलं की पसरट ठिपक्याचा मध्य काढता येतो, दहाएक हजार फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, मिळाले तर 1-2 नॅनोमीटरपर्यंत. 2003 मध्ये असंच मायोसिन 5 या पेशीत चालणाऱ्या प्रोटीनला डाय लावून त्याच्या साधारण 74 नॅनोमीटरच्या ढांगा मोजल्या, प्रोटीन चालताना दिसलं म्हणजे! मोअर्नर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1989 मध्ये एकटा रेणू पहिल्यांदा टिपला तो पार गारठवलेल्या क्रिस्टलमध्ये, आणि 2014 च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये त्याचाही वाटा होता.

आजीने सगळं ऐकलं की नाही माहीत नाही. ती सुवर्णदुर्गाकडे सरकणाऱ्या एका दिव्याकडे बघत होती, बराच वेळ. दिवा तटामागे गेला.

"एकदम गेला," ती म्हणाली, "एकच होता."