दर दोन तासांनी कूस : आमची वाटचाल

घरी पडून असलेल्या रुग्णांच्या सेवेच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात जळगावात २०११ साली दोन फावलर कॉट (पाठीकडून आणि पायाकडून उचलता येणारी रुग्णाची खाट), एक कमोड खुर्ची, तीन वॉकर आणि एक एअर बेड (पंपाने कप्पे आळीपाळीने फुगणारी गादी) एवढ्या सामानावर झाली. माझे सर्जिकल वस्तूंचे लहानसे दुकान होते आणि हे सामान मी महिन्याच्या भाड्याने देत असे. कॉट घरी नेऊन जोडायची, पाठीचा आणि पायाचा दांडा कसा फिरवायचा ते दाखवायचे, अनामत रकमेची पावती द्यायची आणि निघायचे, इतकेच माझे काम. परंतु जवळजवळ प्रत्येक घरी मी चपला घालत असताना सून किंवा मुलगा दारापर्यंत येई आणि आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारी, "जिभाऊ, एखादी बाई मिळेल का हो?" कॉट मागणाऱ्या घराला खरी गरज माणसाची असते, हे लक्षात यायला मला आठ महिने लागले.

माणसे मिळाली ती सिस्टरबाईंमुळे. सरकारी दवाखान्यात ३३ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या या परिचारिका आमच्याच गल्लीत राहत. आमच्या भागीदारीचा कागद कधीच झाला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला हिशेबाची वही मी त्यांच्यासमोर ठेवत असे आणि त्या ती न उघडता परत करत. रुग्णाची सेवा करणाऱ्या बाईला आम्ही मावशी म्हणतो. कामावर येणाऱ्या प्रत्येक मावशीला सिस्टरबाई पहिल्या दिवशी दुकानातील कॉटवर उताणे झोपवत आणि अर्धा तास बोटही न हलवता पडून राहायला सांगत. बहुतेक जणी दहाव्या मिनिटाला कासावीस होत. मग सिस्टरबाई म्हणत, "तुझा पेशंट असा रात्रभर पडतो. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याचे दुखत नाही असे समजू नकोस." आमचे सगळे शिक्षण या अर्ध्या तासापासून सुरू होई.

या धंद्यातील माणसांना ठाऊक आहे की घरी पडून असलेल्या माणसाची खरी सेवा म्हणजे कूस बदलणे. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही. खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर घालायची, दोघांनी तिची टोके गुंडाळून धरायची आणि माणूस उचलून सरकवायचा. ओढला तर कातडी चादरीला घासते आणि जखमेची सुरुवात तिथेच होते. पूर्ण कुशीवर न घेता साधारण ३० अंश कलते ठेवायचे, पाठीला एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक, आणि पोटरीखाली अशी एक की टाचा अधांतरी राहतील. माकडहाडाजवळ लाली दिसली तर तिथे तेल लावून चोळायचे नाही, कारण आतले नाजूक झालेले मांस चोळण्याने आणखी दुखावते. मेडिकलमध्ये मिळणारी रबराची गोल रिंगही वापरायची नाही, कारण ती कडेच्या भागावर दाब टाकून मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडवते. माझ्या दुकानात त्या रिंगांना चांगली मागणी होती आणि नफाही बरा होता. सिस्टरबाईंनी मला त्या विकणे बंद करायला लावले आणि मी केले, याचा मला आजही अभिमान आहे.

पुढची पाच वर्षे काम वाढत गेले. पोटापाण्यासाठी मुले पुण्याला, सुरतेला किंवा परदेशी गेलेली आणि प्लॉटवरच्या दुमजली घरात दोनच म्हातारी माणसे उरलेली, अशी घरे आमच्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. भुसावळचे रेल्वेचे आणि वरणगावच्या आयुध निर्माणीचे पेन्शनर, रावेर-यावलकडचे केळीचे बागायतदार, अमळनेर-पारोळ्याची शिक्षक मंडळी अशी १९ घरे आणि २६ मावशी आमच्या रजिस्टरवर होत्या.

मग २०१७ चा मे महिना आला.

आमच्याकडे तीन वर्षे हिशेब लिहिणारा एक तरुण होता. त्याचे नाव लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना ते माहीत आहे. घरातल्या मुलासारखा वावरायचा, सिस्टरबाई त्याला डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा देत. एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारी सात मावशींनी ड्युटीला जाणार नाही असे कळवले आणि शनिवारपर्यंत २६ पैकी १७ जणी गेल्या. स्वतःचे ऑफिस थाटून त्याने मावशींना दिवसाला ५० रुपये जास्त कबूल केले होते आणि घरच्यांना आमच्यापेक्षा कमी दर सांगितला होता. हे दोन्ही एकाच वेळी कसे परवडते, असा प्रश्न कोणत्याही घराने विचारला नाही. उत्तर सोपे होते. आम्ही बारा-बारा तासांच्या दोन ड्युट्या लावत होतो. त्याने एकाच बाईला बदलीशिवाय चोवीस तास बसवले. चोवीस तास जागी असलेली बाई रात्री दर दोन तासांनी कूस कशी बदलणार?

तेवढ्यावर थांबता आले असते. परंतु आमच्या मावशी अशिक्षित आहेत आणि सिस्टरबाईंची परिचारिका म्हणून असलेली नोंदणी कधीच संपलेली आहे, असे त्याने घरोघरी फोन करून सांगितले. त्यातले एक अक्षरही खरे नव्हते. सिस्टरबाईंनी नूतनीकरणाचे प्रमाणपत्र आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "हे आता मी कोणाकोणाला दाखवत फिरू?" त्या बाईने ३३ वर्षे रात्रपाळ्या केल्या होत्या. हा प्रश्न त्यांना विचारावा लागला, हे माझ्या मनातून गेलेले नाही.

११ घरांनी काम बंद केले. अनामत म्हणून घेतलेले सुमारे १ लाख ४० हजार रुपये एका आठवड्यात परत करायचे होते आणि ते पैसे नव्या कॉटमध्ये अडकले होते. पत्नीने स्वतःहून पाटल्या काढून दिल्या. जळगावसारख्या सोन्याच्या बाजारपेठेत सोने गहाण ठेवायला गेलेला माणूस ओळखीच्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि मीही सुटलो नाही.

त्या काळात आम्हाला सोडून न गेलेले पहिले घर भुसावळच्या गार्डबाबांचे. रेल्वेने २०२२ मध्ये गार्ड या पदाचे नाव ट्रेन मॅनेजर असे केले, परंतु आमच्यासाठी ते गार्डबाबाच राहिले. २०१४ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. मुलगा पुण्याला, घरी फक्त काकू. त्या तरुणाने काकूंना फोन केला, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, "आमच्याकडची बाई गेली तरी चालेल, पण सिस्टरबाईंना विचारल्याशिवाय मी कोणाला घरात घेणार नाही." रात्रीची मावशी तर गेलेलीच होती. म्हणून मी आणि सिस्टरबाई शेवटच्या गाडीने भुसावळला जाऊ लागलो आणि सलग अकरा रात्री गार्डबाबांची ड्युटी आम्ही दोघांनी केली. सिस्टरबाईंचे वय तेव्हा ६५ होते.

भुसावळचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो आणि भिंती मध्यरात्रीही तापलेल्या असतात. तिसऱ्या रात्री सव्वाच्या सुमारास वीज गेली. एअर बेडचा पंप थांबला, त्याची ती बारीक घरघर बंद झाली आणि बेड हळूहळू बसू लागला. सिस्टरबाईंनी बॅटरीच्या उजेडात दोन्ही नळ्या पंपातून काढल्या, दुमडल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट बंद केल्या, त्यामुळे आतली हवा टिकली. मात्र कप्पे आळीपाळीने फुगणे थांबलेले असते, म्हणून अशा वेळी दोन तासांवर विसंबून चालत नाही. आम्ही तासातासाला कूस बदलली. ओल्या पंचाने अंग पुसले, काकू वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. पहाटे चारच्या आसपास यार्डातून मालगाडीची शिट्टी आली आणि गार्डबाबांनी डावा हात कॉटच्या कठड्यावरून वर उचलून तळवा बाहेर केला, जसा गार्ड झेंडी दाखवतो तसा. काकू म्हणाल्या, "प्रवासी गाडीला नाही उचलत. फक्त मालगाडीला." सकाळी आम्ही पाठ तपासली तेव्हा कुठेही लाली नव्हती. पडून राहण्याची पाच वर्षे काढून गार्डबाबा २०१९ मध्ये गेले, आणि त्यांच्या पाठीला एकही जखम नव्हती.

२०१७ च्या त्या मे महिन्यानंतर चार महिन्यांनी, सोडून गेलेल्या घरांपैकी एका घराचा फोन आला. त्यांच्या आईच्या माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती, वरून लहान आणि आत खोल. डॉक्टरांचे ड्रेसिंग, आमची कूस आणि आहारातली डाळ-अंडी यांवर ती भरायला जवळजवळ पाच महिने लागले. त्या कुटुंबाने जुना विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. गेलेल्या मावशींपैकी नऊ जणी वर्षभरात परत आल्या. सिस्टरबाईंनी त्यांना एका शब्दानेही बोल लावला नाही. मी लावला असता.

पाटल्या २०१९ मध्ये सोडवल्या. कोरोनाच्या काळात ज्या मावशी पेशंटच्या घरीच राहिल्या त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. आज आमच्याकडे ३४ मावशी आणि सहा पुरुष मदतनीस आहेत.

इतक्या वर्षांत पाहिलेल्या काही गोष्टी, कोणी विचारल्या नसल्या तरी, लिहून ठेवतो. काल व्यवस्थित बोलणारे आजोबा आज एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर "वय झाले" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणे, उन्हाळ्यात अंगातले पाणी आटणे यांपैकी काहीही असू शकते आणि त्यावर वेळीच उपचार होतात. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मार्च संपताच डॉक्टरांना दाखवा. आपल्या उन्हात तिचा डोस पुन्हा पाहावा लागतो. नाकातल्या नळीने भरवताना आणि नंतर निदान अर्धा तास डोक्याकडची कॉट उचललेली ठेवा, नाहीतर पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातो. लघवीची पिशवी उचलून कॉटवर ठेवू नका. ती ओटीपोटाच्या खालीच लटकली पाहिजे.

आणि घर किंवा शेत मुलांच्या नावावर करण्याची घाई करू नका. करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. निर्वाह भत्त्यासाठी अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा असतो, त्यासाठी वकील लागत नाही. कोणाकडे दाद मागावी ते कळत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा, तो विनाशुल्क आहे. हे मी मुलांविरुद्ध सांगत नाही. पुण्याहून रात्रीच्या गाडीने येऊन आईची नखे कापून, सकाळी परत जाणारी मुलेही मी पाहिली आहेत.

सिस्टरबाई २०२१ मध्ये गेल्या. त्यामुळे शेवटी एक गोष्ट लिहिणे भाग आहे.

तो तरुण गेला तेव्हा आमचे लाल कापडी बांधणीचे मोठे रजिस्टरही गेले. त्याने ते फोन नंबरांसाठी नेले असणार. परंतु प्रत्येक पानाच्या समासात सिस्टरबाईंच्या हस्ताक्षरात त्या त्या पेशंटच्या नोंदी होत्या. "डाव्या कुशीवर झोप लागत नाही." "चहा बशीतूनच." "रात्री दिवा मालवू नये, घाबरतात." पारोळ्याच्या एका आजींच्या पानावर त्यांनी लिहिले होते : "दिवेलागणीला 'माले घर जानं शे' म्हणतात. हेच घर आहे असे सांगू नये, रडतात. हात धरून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत न्यावे आणि परत आणून, आले हो घर, असे म्हणावे." आज नव्या मावशींना शिकवताना मी यातले जेवढे आठवते तेवढे सांगतो, पण त्यात सहा वर्षांची पाने होती आणि मला मोजक्याच आठवतात. त्यातले फोन नंबर आता जुने झाले असतील. त्या रजिस्टरचा त्याला काहीही उपयोग उरलेला नाही. त्याने ते आमच्या दुकानात आणून द्यावे, किंवा कोणाच्या हाती पाठवावे. मी काहीही विचारणार नाही.